निळा फेस

"पिंपं आडवी बांधायची, उभी नाही. उभ्या पिंपांचा तराफा पाण्यात गेला की शीर्षासन करतो," वकील ठासून म्हणाला.

"तू कधी बांधलायस तराफा?" चिमटीने विचारलं.

"नाही. पण मुद्दा तो नाही."

वकील हा चिमटीचा मामेभाऊ. सुट्टीला म्हणून आला होता आणि आल्यापासून प्रत्येक गोष्टीत मुद्दा शोधत होता, म्हणून वकील. चिमटीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि तिथेच राहायचं. रांगायच्या वयात ती आजोबांच्या लाँड्रीत कपड्यांचे चिमटे तोंडात घालत हिंडायची, तेव्हापासून ती चिमटी. तिचा धाकटा भाऊ शेपूट. तो कधीच पुढे नसायचा आणि कधीच मागे राहायचा नाही, म्हणून शेपूट. आत्ता तो तलावाच्या काठावर उकिडवा बसून पाण्याकडे एकटक बघत होता.

"बदक बुडतंय," तो म्हणाला.

"बदकं बुडत नाहीत," वकील दोरीची गाठ आवळत म्हणाला.

"हे बुडतंय."

चिमटीने मान वर केली. खरंच, पांढऱ्या बदकांच्या कळपातलं एक बदक पाठीपर्यंत पाण्यात गेलं होतं. नुसती मान वर काढून ते कसंबसं पाय मारत होतं. चिमटीने दोरी ठेवायचं वेताचं टोपलं उचललं आणि चपला न काढताच ती पाण्यात शिरली. पाणी कमरेपर्यंत आलं. काठालगत पांढरा फेस दाटून आला होता, त्यातून वाट काढत तिने बदक टोपल्यात घेतलं. एरवी हात लावला तर बोट फोडणारं ते बदक मुकाट बसून राहिलं. त्याची पिसं ओल्या टॉवेलसारखी चिकटून गेली होती.

"याला लिंबाचा वास येतोय," शेपूट नाक लावून म्हणाला.

फेस येत होता तो रस्त्याखालून निघणाऱ्या जाड पाइपातून. आणि पाइपाच्या वर, रस्त्याच्या पलीकडे, बरोबर आजोबांची लाँड्री होती.

टोपलं घेऊन तिघं लाँड्रीच्या अंगणात शिरले तेव्हा तिथे आधीच माणसं जमलेली. आजोबा बॉयलरच्या दारात उभे होते, हाताला कोळशाची काजळी. समोर नगराध्यक्षबाई. त्यांच्या शेजारी टेकडीवरच्या सौर प्रकल्पाचे साहेब, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. ती इस्त्रीही याच लाँड्रीतली होती, पण त्याची आठवण त्यांना त्या वेळी नसावी.

"हे बघा, एक दिवसाआड तलावात फेस येतोय," नगराध्यक्षबाई म्हणाल्या. "मासे मरताहेत, बेडकांची पिल्लं मरताहेत. मी परवा सकाळी स्वतः येऊन उभी राहणार. पाइपातून फेस आला तर लाँड्रीला टाळं लागेल. मला वाईट वाटतंय, पण तलाव सगळ्यांचा आहे."

"आमचं पाणी गाळणटाक्यांतून सांडपाण्याच्या गटारात जातं," आजोबा म्हणाले. "तलावात नाही जात."

साहेबांनी चिमणीकडे बोट केलं. "जिथून एवढा धूर निघतो तिथून आणखी काय काय निघत असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमच्याकडे बघा. धूर नाही, राख नाही, आवाज नाही."

हेच शब्द प्रकल्पाच्या फाटकावरच्या मोठ्या फलकावर लिहिलेले होते, आणि त्याखाली आज किती वीज झाली त्याचा आकडा रोज झळकायचा. चिमटीची आई तिथेच इंजिनिअर होती. चिमटीला त्या फलकाचा भारी अभिमान. नव्या माणसाने "तू कुणाची गं?" असं विचारलं की ती तडक सांगायची, "टेकडीवरच्या इंजिनिअरबाईंची." लाँड्रीचं नाव ती सहसा घेत नसे. धुराच्या चिमणीची नात म्हणवून घ्यायला तिला नको वाटायचं.

पण आज आजोबांनी काळे हात पुसले, आत जाऊन इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालायला घेतल्या, आणि प्रत्येक घडी वाकडी पडत गेली. आजोबांची घडी वाकडी पडलेली चिमटीने आजवर पाहिली नव्हती.

"तराफा राहू दे," ती वकिलाला म्हणाली. "हे आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं लाँड्रीत जमले. वकील हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालत होता. "आरोप असा की लाँड्रीचं पाणी पाइपातून तलावात जातं. मग आपण लाँड्रीचं पाणी ओळखू येईल असं करायचं आणि पाइपाशी जाऊन बघायचं."

"नीळ," चिमटी म्हणाली.

पांढऱ्या कपड्यांना देतात ती नीळ लाँड्रीत डबे भरून होती. आजोबांनी चिमूटभर घ्यायला सांगितलं. डबा शेपटाच्या हातात होता, त्यामुळे चिमूट जरा मोठी झाली. मोरीत निळंशार पाणी भोवरा घेत उतरलं. चिमटी आणि वकील पाइपाशी धावले आणि बसून राहिले. ऊन चढलं, मुंग्या चावल्या, वकिलाचे मुद्दे संपले. पाइपातून निळा थेंबही आला नाही. तिकडे रस्त्याच्या टोकाला, सांडपाण्याच्या गटाराच्या जाळीपाशी, शेपूट हात हलवत होता. तिथलं पाणी निळं झालं होतं. शेपटाचे हात, कान आणि नाकही.

"आजोबा खरं बोलत होते," चिमटी म्हणाली.

"होय. पण फेस मग कुणाचा?" वकील म्हणाला. "न्यायालयात तेच विचारतील."

पाइपाचं दुसरं टोक रस्त्याच्या वरच्या बाजूला, लाँड्रीच्या कुंपणामागच्या झुडपांत निघत होतं. तिथून पावसाळ्याच्या पाण्याचा एक अरुंद दगडी चर टेकडी चढत गेला होता. आता तो कोरडा होता. तिघं त्यातूनच वर निघाले. चराच्या तळाला पांढुरकी पापडी धरली होती. शेपटाने आपल्या पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी तिच्यावर ओतून हाताने चोळलं, तर त्याच्या तळव्यावर फेस आला.

"लिंबू," तो म्हणाला.

चिमटीने वास घेतला. आजोबांच्या साबणाला वास नसतो. इस्पितळाला वासाचा साबण चालत नाही. चर कुठे जातो ते आता तिला दिसायला लागलं होतं. तो सौर प्रकल्पाच्या तारेच्या कुंपणाखालून आत गेला होता. आत पॅनेलच्या रांगाच रांगा, आणि पॅनेल धुण्याच्या गाडीमागे पिवळे डबे रचलेले. डब्यांवर लिंबाचं चित्र.

वकिलाने हळूच विचारलं, "हा आत्याचाच प्रकल्प ना?"

कुंपणाला लागून असलेल्या पॅनेलवर चिमटीने तारेतून बोट घालून फिरवलं. पॅनेल धुतलेलं असायला हवं होतं. पण बोटाला चिकट धूळ लागली, तेलकट ओट्याला लागते तशी.

आई संध्याकाळी घरी आली ती दमलेली होती. "आकडा परत उतरला," ती पर्स ठेवता ठेवता म्हणाली. "ऊन तेवढंच, यंत्रं ठीक, आणि वीज रोज कमी. काही कळेनासं झालंय."

चिमटीला वाटलं, सांगूच नये. सांगितलं तर आजोबा सुटतील आणि आई अडकेल. नाही सांगितलं तर उद्या सकाळी लाँड्रीला टाळं. ती पाणी पिऊन आली, पुन्हा पाणी पिऊन आली, आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. आईच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मात्र तिला झालं नाही.

"साबण?" आई म्हणाली. "मी तर नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचं असं ठरवून दिलं होतं."

उजेड होता तोवर सगळे टेकडीवर गेले. आईने पॅनेलवर बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. धुणाऱ्यांचा मुकादम गाडीपाशी होता. त्याला विचारल्यावर तो सरळ म्हणाला, "साहेबांनीच सांगितलं, बाई. पाखरांची घाण निघत नाही, जरा साबण टाका. मग आकडा उतरला तर म्हणाले, साबण वाढवा. एक दिवसाआड धुतोय आम्ही."

"साबणाचा थर काचेवर राहतो आणि त्याला धूळ चिकटते," आई म्हणाली. "धूळ चिकटली की आकडा उतरतो. आकडा उतरला की तुम्ही साबण वाढवता." ती खाली दगडावर बसली. "आणि मी खोलीत बसून आकडे बघतेय. रोज आकडे पाहिले, पॅनेल एकदाही नाही."

"म्हणजे सौर वीजही वाईटच?" शेपटाने विचारलं. निळ्या नाकामुळे प्रश्न फारच गंभीर वाटला.

"नाही रे. कोळशाने हवा काळी होते आणि राखेचे ढीग साठतात. धरणाने माशांची वाट अडते. पवनचक्कीच्या पात्यांना पाखरं धडकतात. काही ना काही मोजावं लागतंच. त्यात ही पुष्कळ बरी. पण बरी आहे म्हणून आपण डोळे मिटून बसलो, तिथे चुकलं. धूर दिसतो, म्हणून सगळे तुझ्या आजोबांना धरतात. आमचं दिसत नव्हतं."

तिने मुकादमाला बजावलं की उद्यापासून साबणाचा थेंबही नको, नुसतं पाणी. साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, तलावाचा फेस लाँड्रीचाच आहे, साऱ्या गावाला ठाऊक आहे, आणि सकाळी बोलू.

"कुणी मानणार नाही, आत्या," वकील म्हणाला. "पुरावा लागेल. डोळ्यांना दिसेल असा." आणि त्याने नीळ लागलेल्या शेपटाकडे बघितलं.

सकाळी पाइपापाशी सगळे हजर होते. नगराध्यक्षबाई, साहेब, लाँड्रीत काम करणाऱ्या बायका, शेजारपाजारचे. आजोबा धुतलेला शर्ट घालून एका बाजूला उभे. टाळं नगरपालिकेच्या शिपायाच्या हातात होतं. बदकाचं टोपलं लाँड्रीच्या ओट्यावर सुखरूप होतं. वकील आणि शेपूट वर, कुंपणाशी, चराच्या काठावर. धुलाई सुरू होऊन पॅनेलवरचं पाणी चरात उतरलं की वकिलाने चिमूटभर नीळ टाकायची, असं ठरलं होतं. डबा या वेळी शेपटाकडे दिलेला नव्हता.

चिमटी पुढे झाली. "साहेब, एक विचारू? टेकडीवरचं पाणी तलावात येतं का?"

साहेब हसले. "बाळ, आमच्या टेकडीवरून एक थेंब तलावात येत नाही. हवं तर लिहून देतो."

"नको. सगळ्यांनी ऐकलंय."

पाइप गुरगुरला. आधी पालापाचोळा आला, मग पाणी, आणि पाणी निळं होतं. त्यावर फेसही होता, कारण पॅनेलवर जुना साबण साठलेला होताच. निळा फेस पाइपाच्या तोंडाशी जमला आणि साहेबांच्या चकचकीत बुटांपाशी येऊन थांबला. साहेब दोन पावलं मागे सरले. कुणीतरी खुदकन हसलं.

"ही नीळ आत्ता वर, तुमच्या कुंपणापाशी टाकलीये," चिमटी म्हणाली. "लाँड्रीच्या मोरीत टाकलेली काल गटारात गेली. इथे नाही आली."

"हा पोरखेळ आहे," साहेब म्हणाले. "इंजिनिअरबाई, तुम्ही सांगा यांना."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. आईची नोकरी, आईचा फलक, आईचं सगळं त्या टेकडीवर होतं. आई पुढे आली आणि चिमटीच्या शेजारी उभी राहिली.

"फेस आमचा आहे," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "साबण साहेबांनी आणला. पण देखरेख माझी होती आणि मी बघायला गेले नाही. मुलं गेली. बाबा, तुमच्यावर आळ आला, तो माझ्या चुकीमुळे. आजपासून साबण बंद केलाय. तलाव साफ करण्याचं काम प्रकल्प करेल, आणि साहेबांना ते मान्य नसेल तर मी इथेच, सगळ्यांसमोर, पुन्हा विचारीन."

साहेबांनी बुटांकडे बघत मान हलवली. ती होकाराची आहे असं नगराध्यक्षबाईंनी लगेच धरून टाकलं. चिमटीची छाती अभिमानाने भरून आली. फलक वाचून वाटायचा त्यापेक्षा हा अभिमान फार मोठा होता.

नगराध्यक्षबाईंनी शिपायाच्या हातातलं टाळं घेऊन आपल्या पिशवीत टाकलं. आजोबांसमोर त्यांनी हात जोडले. "माफ करा, मी धूर पाहिला आणि बाकीचं ठरवून टाकलं." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि तुम्ही! आमच्या माणसाने पाइप पाहिला, तुम्ही पाइपाचं दुसरं टोक पाहिलंत. शाबास. या नगरपालिकेला तुमच्यासारखी माणसं हवीत."

"मोठे झाल्यावर विचार करू," वकील टेकडीवरून उतरता उतरता म्हणाला.

आजोबांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांना थोडी काजळी लागली. "माझी चिमणी तरी कुठे साधी आहे? धूर खराच आहे तो. तुझ्या उन्हावर पाणी तापवता येतं का गं? बॉयलरला तेवढाच कोळसा कमी."

"येतं, बाबा. याच सुट्टीत लाँड्रीच्या छपरावर बसवू."

पुढच्या दिवसांत आकडा हळूहळू चढला. लाँड्रीच्या छपरावर उन्हाने पाणी तापायला लागलं आणि चिमणीचा धूर पातळ झाला. कोमट पाण्याने धुऊन, सावलीत ठेवून, बदकाची पिसं पूर्वीसारखी झाली, आणि पाइपातून साधं पाणी यायला लागलं तेव्हा तिघांनी त्याला टोपल्यातून तलावात सोडलं. ते उंच तरंगत निघालं आणि जाता जाता शेपटाच्या बोटाला चावून गेलं. शेपटाला याचा फारच आनंद झाला.

फाटकावरचा फलक आईने चिमटीला रंगवायला दिला. धूर नाही, राख नाही, आवाज नाही. त्याखाली तिने सुबक अक्षरात लिहिलं: साबण नाही. एक पाहुणी बाई फलक बघायला थांबली होती. शिडीवर ब्रश घेऊन बसलेल्या मुलीला तिने विचारलं, "छान लिहितेस. कुणाची गं तू?"

चिमटीने ब्रश डब्यात ठेवला.

"लाँड्रीवाल्या आजोबांची नात," ती म्हणाली, "आणि इथल्या इंजिनिअरबाईंची मुलगी."