सावलीचा दोरा

पुलाच्या ऐन मध्यावर दाफिना पोचली आणि ढगांनी दगा दिला. लख्ख ऊन पडलं.

रोडोपीच्या डोंगरात जुन्या कमानीची डागडुजी चालू असली की शहाणी माणसं पुलावर पाऊल टाकत नाहीत. गवंडी गुपचूप एखाद्याची सावली दोऱ्याने मोजतात, दोरा कमानीत चिणतात. कमान टिकते; माणूस वर्षभरात खंगून जातो. गावात यावर कुणाचाही विश्वास नव्हता. म्हणून सगळे फक्त ढगाळ दिवशी पूल ओलांडत.

या महिन्यात ढगाळ दिवस फार आले. निदान दाफिनाला तरी तसं वाटे. दह्याचं मडकं घेऊन ती निघायची आणि वाटेत स्टामेन गवंड्याशी हटकून भांडायची.

आज तोच तिच्या सावलीपाशी उकिडवा बसला होता. हातात दोरा!

"मोजलीस माझी सावली?"

"छे गं..."

"मग दोरा काय मोजे विणायला घेतलायस?"

स्टामेनने मान खाली घातली. "आज कमानीच्या माथ्यावरचा कळीचा दगड बसतोय. आमचे उस्ताद म्हणाले, पुलावर जो पहिला येईल त्याची सावली आण. मला माहीत होतं, पहिली तूच येणार... म्हणून ऊन पडताच माझीच मोजायला बसलो. पण टोकाला हात लावायला वाकलो की आखडते मेली!"

दाफिनाला हसू आलं, आणि एकदम विरलं. खाली नदी वाहत होती.

"आणि वर्षभरात तू खंगलास म्हणजे? मी भांडायचं कुणाशी?"

"मिळेल कुणीतरी..."

"गप्प! सरळ उभा राहा."

तिने दोरा हिसकावला, त्याची सावली टाचेपासून डोक्यापर्यंत मोजली आणि उरलेला दोरा त्याच्या हातात कोंबला. "आता याच दोऱ्यात माझी. अर्धा तू खंग, अर्धी मी."

"दाफिना, अगं, म्हणजे..."

"म्हणजे लग्न! आमचे आईबाबा तीस वर्षं तसेच खंगतायत. चांगले जाडजूड आहेत."

स्टामेन गुडघ्यांवर बसला. तिच्या सावलीच्या टाचेपासून दोरा सरकवू लागला... हळू, फारच हळू.

"आटप की! उस्ताद येतील."

"नीट मोजायला वेळ लागतो."

सावलीच्या गालापाशी त्याचा हात थांबला. दगड उन्हाने आता कुठे तापू लागला होता, आणि वर उभ्या दाफिनाने डोळे मिटून घेतले.