तात्यांचे बूट

अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या श्रीरंगचे वडील, तात्या, साताऱ्याहून आले होते आणि घरात बसून पार कंटाळले होते. म्हणून रविवारी दुपारी तो त्यांना मॉरिसटाउनकडच्या रानात फिरवायला घेऊन निघाला. झालं एवढंच. निघताना दीपानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बजावलं होतं, तात्यांच्या पायातले बूट काढू देऊ नकोस. डायबेटिसनं त्यांचे तळपाय बधिर झाले होते, टाचणी टोचली तरी कळायचं नाही. एका बोटाची जखम नुकती कुठं भरत होती. ती पुन्हा चिघळली तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं.

रानात बर्फ होता आणि माणूस औषधालाही नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फौजेनं इथं एक भयंकर हिवाळा काढला. पोटात अन्न नाही, कित्येकांच्या पायात काही नाही. त्यांच्या लाकडी झोपड्या आता नव्यानं बांधून ठेवल्यात. श्रीरंग ऑफिसच्या कॉलवर बोलत मागं राहिला आणि तेवढ्यात तात्यांनी घोळ घातलाच. झोपडीत चूल दिसली, तर दाराशी बूट काढून आत गेले! जन्माची सवय हो, ती काय पार्कात आलं म्हणून सुटते?

श्रीरंग पोहोचला तेव्हा तात्या मोज्यांवर उभे होते आणि दाराशी बूट नव्हते. बर्फात ठसे होते. झाडीतून दारापर्यंत आलेले अनवाणी पावलांचे, आणि परत जाताना बुटांचे. पण चोर शोधायला वेळ कुठला? त्यानं वडलांना पाठीवर घेतलं आणि धापा टाकत गाडी गाठली.

"श्रीरंगा… पाय गार पडलेत रे," तात्या म्हणाले.

श्रीरंगला रडूच आलं. किती वर्षांनी तात्यांच्या पायाला काही जाणवलं होतं!

घरी येऊन बघतात तर मोजे कोरडे, तळपाय उबदार, जखमही ठीक. तरी तात्या रात्रभर गार लागतंय म्हणत राहिले. सकाळी म्हणाले, बर्फ आहे, मऊ. दुपारी म्हणाले, आता डांबर लागतंय, उतार आहे. दीपानं डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. श्रीरंग वरवर हसला, पण त्याचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं.

दिवेलागणीला दीपा भात लावत होती. तात्या सोफ्यावर बसल्या बसल्या पुटपुटले, "पायरी…" आणि मग त्यांचा चेहराच पडला.

"गेलं रे. काहीच लागत नाही आता."

बेल वाजली नव्हती. तरी 'पायरी' ऐकून श्रीरंगनं फोनवर दाराचा कॅमेरा उघडला. बाहेर कुणीही नव्हतं. दाराशी तात्यांचे बूट होते, नीट जोडून ठेवलेले.

तो धावत सोफ्यापाशी आला आणि त्यानं वडलांचा पाय हातात घेतला. कालपासून उबदार असलेला पाय दगडासारखा गार पडला होता, बोटं निळी पडत होती. तात्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते स्वयंपाकघराकडं बघून शांतपणे म्हणाले,

"दीपा, मोठं पातेलं चढव गं… बाहेर बरेच जण आहेत."