एक्केचाळिसावं पुस्तक

उत्तम तांडेलांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्र चार दारांपलीकडून आलं होतं.

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, एकतीस नंबरच्या खोलीत ते एकटे राहत. परळच्या एका वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात गेली, म्हणून चाळ त्यांना मास्तर म्हणे. सत्तावीस नंबरमध्ये धोंडू परब, जन्मभर गिरणीत साच्यावर कापड विणत उभा राहिलेला माणूस. छातीत कापसाची धूळ बसलेली. रात्रभर खोकायचा आणि दिवसभर वाचायचा.

त्याचं पोस्टकार्ड वीस दिवसांपूर्वी आलं होतं. ‘आनंदा खोली विकून गावी जाऊ म्हणतो. संप मिटेल त्या दिवशी गिरणीचा भोंगा ऐकायला मला इथंच राहायचं आहे. तुमच्या खोलीत पथारीपुरती जागा द्याल काय? घरात बोलता येत नाही. उत्तर पोस्टाने द्यावे.’

मास्तर रोज मनात उत्तर लिहीत आणि खोडत. रात्री त्याचं जास्त झालं तर? आपल्याच्याने निभेल का? जिन्यात धोंडू भेटला की ते चष्मा पुसत बसायचे. धोंडूनेही तोंडाने कधी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दार वाजलं. धोंडूची सून, आनंदाची बायको गुणवंती उभी होती.

“मास्तर, मामंजी काल सकाळपासून घरी नाहीत. चौकीत नाव लिहून घेतलं आणि ‘येतील’ म्हणाले. तुम्ही वाचनालयातली हरवलेली पुस्तकं माणसासकट शोधायचात ना? मग एवढं करा.”

मास्तरांनी चष्मा दोनदा पुसला. तरी ते गेले.

खोली ओळखू येत नव्हती. खाटेच्या जागी सोफा, खाली गालिचा. खिडकीला मखमली पडदे. फळीवर खानावळवाल्या गंगुबाईंची पितळी भांडी झळकत होती. कोपऱ्यात मास्तरांचंच काचेचं कपाट होतं, मोजून चाळीस पुस्तकांसह. शनिवारी आनंदा मागायला आला, तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं. तारखांचं कॅलेंडर काढून तिथं बर्फाच्या डोंगराचं चित्र टांगलं होतं. त्या कॅलेंडरचं रोजचं पान फाडून धोंडू पुस्तकात खूण म्हणून घालायचा.

“हे सगळं भाड्याचं आणि उसनं,” दलाल एडवर्ड म्हणाला. “बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे मास्तर, की इथं सुखी माणसं राहतात.”

“आणि धोंडू?”

एडवर्डने आनंदाकडे पाहिलं. आनंदाने मान खाली घातली. संपाला सव्वा वर्ष झालं होतं. तेवढ्यात तो दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला होता.

“गिऱ्हाईक काल दहाला यायचं होतं,” तो म्हणाला. “बाबांना म्हटलं, दोन तास गंगुमावशीकडे बसा.”

“तूच म्हणालास?”

“एडवर्ड म्हणाला. मी... हो म्हटलं.”

“बरोबर काय नेलं त्यांनी?”

“अंगावरचा कोट. आणि तुमचं ते पुस्तक, रात्री वाचत होते ते.”

तळमजल्यावर खानावळीत गंगुबाई डबे भरत होत्या.

“धोंडू इथे आला होता?”

“येऊक नाय.”

“डबे कुणाचे?”

“शिवडीचे. माझो भाचो रघु थंय गोदामावर रखवालदार. त्येचे नि चार हमालांचे. मीच नेतंय रोज, माणूस ठेवूक परवडता कोणाक?” त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि वर पाहिलं. “तुमी कशाक शोधतास त्येका, मास्तर?”

प्रश्न साधाच होता. तरी मास्तर घाईने जिना चढले.

मंगळवारी गिऱ्हाईक बायकोला घेऊन पुन्हा आलं. बाईंना पडदे फार आवडले. तिथल्या तिथे बयाणा दिला. महिनाअखेर खोली खाली करायची ठरली. बुधवारी सकाळी ज्याची त्याने वस्तू नेली. मास्तरांचं कपाट दोघांनी उचलून एकतीस नंबरमध्ये ठेवलं.

जुन्या सवयीने त्यांनी पुस्तकं मोजली. एक्केचाळीस.

पुन्हा मोजली. एक्केचाळीसच.

जास्तीचं पुस्तक खालच्या खणात आडवं होतं. धोंडूने नेलेलं. बरोबर निम्म्यावर खूण होती, कॅलेंडरचं पान. सोमवार, अकरा एप्रिल. तारखेखाली बारीक अक्षरांत भरती-ओहोटीच्या वेळा.

मास्तर खुर्चीवर बसले. मग उठून सत्तावीसमध्ये गेले आणि सगळ्यांना बोलवा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की गुणवंतीला दोनदा विचारावं लागलं.

रिकाम्या खोलीत सगळे उभे राहिले. एडवर्ड चित्र काखेत मारून दारातच थांबला.

“माझं चुकत असेल तर सांगा,” मास्तरांनी सुरुवात केली. “धोंडू रविवारी गेला. ही खूण सोमवारची आहे. म्हणजे सोमवारी तो कुठेतरी पुस्तक वाचत होता. या घरातलं कॅलेंडर शनिवारीच उतरवलेलं. पान दुसऱ्याच भिंतीवरचं.”

“कुठल्या?” आनंदाने विचारलं.

“यात भरतीच्या वेळा आहेत. मी माहीमच्या कोळीवाड्यात वाढलो, आमच्याकडे असंच असायचं. पण चाळीत भरती कोण बघतो? बंदरावर बघतात, गोदामात. आणि या चाळीतून शिवडीच्या गोदामात रोज एकच माणूस जातं.”

सगळ्यांनी गंगुबाईंकडे पाहिलं.

“पितळी भांडी न्यायला तुम्ही आज पहाटेच आलात,” मास्तर म्हणाले. “तेव्हा पुस्तक कपाटात ठेवलंत.”

“ठेवलंय,” गंगुबाई म्हणाल्या. “त्येनी शपथ घातल्यान म्हणून खोटा बोललंय. शनिवारी हो एडवर्ड काय बोललो ता त्येनी ऐकल्यान. म्हाताऱ्याचो खोकलो ऐकलो तर गिऱ्हाईक पळात.”

“धंद्यात बोलावं लागतं, मावशी,” एडवर्ड पुटपुटला.

“नि ह्यो पोटचो झील गप रवलो.”

आनंदा भिंतीला टेकला. “मी आत्ता जातो, घेऊन येतो.”

“खंय हाडतलंस? ही खोली तुझी आसा? आणि गावाक तो येवचो नाय. ओढूक गेलंस तर थंयसूनय उठान जायत.”

आनंदा तिथेच खाली बसला.

“पण पुस्तक परत का पाठवलं?” गुणवंतीने विचारलं.

मास्तरांनी खूण पुस्तकात परत ठेवली. “परत येणारा माणूस निम्मं वाचलेलं पुस्तक परत करत नाही. तो माझा हिशेब मिटवून गेला. एडवर्डने त्याला दोन तासांसाठी बाहेर काढलं. आनंदाने हो म्हटलं. कायमचं जायला लावणारा तिसराच आहे. धोंडूने त्याच्याकडे पथारीपुरती जागा मागितली होती, लिहून. त्याने वीस दिवस उत्तर दिलं नाही. उलट, ही खोली सजवायला स्वतःचं कपाट दिलं.”

“कोण तो?” आनंदाने विचारलं.

मास्तरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

गंगुबाईंचा आवाज खाली आला. “रोज इचारता तो माका. पोस्टमन इल्लो काय?”

खोलीवर येऊन मास्तरांनी तीन कार्डं खराब केली. एकात माफी होती, एकात कारणं, एकात दोन्ही. चौथ्यावर लिहिलं: ‘जागा आहे. पथारी घेऊन या. भोंगा इथूनही ऐकू येतो. पुस्तक निम्मं राहिलं आहे.’ रघुच्या गोदामाचा पत्ता गंगुबाईंकडून घेतला होता. कार्ड हाती द्या, नेतंय, असं त्या म्हणाल्या होत्या. पण धोंडूने उत्तर पोस्टाने मागितलं होतं.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी कार्ड सोडलं. लगेच वाटलं, उशीर झाला असेल. ‘या’ऐवजी ‘यावे’ लिहायला हवं होतं. त्यांनी फटीत बोटं घातली. कार्ड लागलं नाही.

समोर गिरणीची चिमणी धुराविना उभी होती. मास्तर घरी आले आणि खाट भिंतीकडे सरकवू लागले.