सरावाच्या दिवसांतलं पत्र

बाबांचं लष्करी सामान हॉलभर पसरलं होतं, आणि आई तिकडे न बघता पोहे परतत होती. २००७ मधला मार्चचा शेवटचा रविवार. एडिनबरात खिडकीबाहेरचं दव अजून गोठलेलं.

ऋजुताचे बाबा, गिरीश, हॉस्पिटलात सर्जन होते आणि राखीव सैन्यात डॉक्टर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी आपणहून अफगाणिस्तानात, कंदाहारच्या लष्करी इस्पितळासाठी नाव दिलं होतं. जाण्याआधीच्या यॉर्कशायरच्या सरावात कॅनडाची तुकडी होती. नुकतीच भरती झालेली विशीतली ती मुलं-मुली पाहिल्यावर मागे फिरणं जमेना, असं ते सांगत. आई महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"अहो, खाऊन घ्या," एवढंच ती म्हणाली.

"तिथे पोहे मिळायचे नाहीत, सुनेत्रा. मिरची जरा सढळ हाताने घालायचीस."

ती हसली नाही.

नंतर जिन्यात त्यांनी ऋजुताला एक बंद पाकीट दिलं. वर आईचं नाव. सरावात सगळ्यांनाच लिहायला लावतात, ते म्हणाले. मी परत आलो नाही, तरच तिला दे.

ऋजुता सव्वीस वर्षांची, पुस्तकांत वाढलेली, शकुन-अपशकुनाला हसणारी. पण नागपूरहून कुणी गेल्याचं पत्र आलं की आई ते दारातच वाचून फाडायची, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. असलं पत्र घरात ठेवायचं नसतं. आणि हे तर आधीच लिहून तयार होतं... घरात राहिलं तर जणू खरं व्हायची वाट बघत बसणार होतं. बाबा निघाले त्या सकाळी तिने ते न उघडता फाडलं, अगदी बारीक, आणि तिला वाटलं, आपण त्यांना वाचवलं.

एकेचाळिसाव्या दिवशी छावणीवर रॉकेट पडलं.

आई त्यानंतर एकच म्हणत राहिली, न रडता: रागातच गेले, माझ्यासाठी दोन ओळीही सुचल्या नाहीत त्यांना. पुढे तिने त्यांचा फोटोही कपाटात ठेवून दिला. ऋजुता सांगायला म्हणून तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाई आणि परत फिरे... अशी दोन वर्षं गेली.

मग ऑक्टोबरात हॅलिफॅक्सची जोन भेटायला आली, त्या सरावातली कॅनडाची नर्स. चहा घेताना ती सहज सांगू लागली, की सरावात लिहायला लावलेलं ते पत्र तिने स्वतःच्या मुलांना पाच मिनिटांत लिहून टाकलं. डॉक्टर मात्र तीन संध्याकाळी त्या एका पत्रावर बसले होते, मातृभाषेत लिहायची सवय मोडली म्हणून स्वतःलाच हसत, कागदामागून कागद चुरगाळत.

आईने कप खाली ठेवला आणि ऋजुताकडे पाहिलं.

"कुठलं पत्र?"

ऋजुता उठून तिच्या पायाशी बसली.

"तुझं, आई. बाबांनी माझ्याजवळ दिलं होतं. घरात ठेवलं तर खरं होईल, म्हणून मी फाडलं. ते रागात गेले नव्हते. मला माहीत होतं, आणि मी तुला तसं समजू दिलं."

 आईचा हात तिच्या केसांवर आला.

"काय लिहिलं होतं गं?"

"माहीत नाही, आई. मी उघडलंच नाही."