दाबलेलं लाल बटण

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगेन की ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा आतेभाऊ आहे. दारू पीत नाही. आणि थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्याकडे लहानपणापासून नाही. शाळेत निबंधसुद्धा तो माझा बघून लिहायचा.

आम्ही त्याला दादा म्हणतो.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. रविवार, सव्वातीनची वेळ. स्वयंपाकघरामागची लहान खोली. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं.

दादा नोकरीत दिवसभर इमारतींचे नकाशे काढतो. घरी आला की त्याचा जीव एकाच गोष्टीत... सीएनसी मशीन. म्हणजे संगणकावर आकृती काढायची, आणि फिरणारं कटर ती लाकडात नाहीतर ॲल्युमिनियममध्ये कोरून देणार. कारखान्यातलं नव्हे, हौशी माणसाचं, घरातल्या टेबलावर मावणारं. पण दादाला आहे त्यात समाधान कुठलं? आज मोटार बदल, उद्या स्क्रू बदल. वहिनी म्हणायची, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर मीसुद्धा न कुरकुरता चालले असते."

या वेडात त्याला घरातच एक साथीदार मिळाला होता. वहिनीचे वडील.

बाबा निवृत्त टर्नर. अडतीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर काढली, आणि अंगावर ओरखडा नाही. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले. कुणी पाहुणा आला की दोन्ही पंजे पुढे धरून म्हणायचे, "दहा घेऊन कामाला लागलो, दहा घेऊन घरी आलो. मोजून घ्या."

दादाला ते चिडवायचे. "जावईबापू, तुमचं यंत्र हुशार आहे हो, पण आंधळं आहे. डोळे आपण द्यायचे त्याला."

मशीन चालू असलं की ते शेजारी स्टूल टाकून बसत. हातात एक छोटा ब्रश. कटरमधून उडालेला चुरा ते टेबलाच्या कोपऱ्यात नीट गोळा करून ठेवत. दादा हवेच्या पंपाने फुर्र करून उडवायचा, ते त्यांना अजिबात पटत नसे.

आता मुख्य गोष्ट.

अशा प्रत्येक मशीनला एक मोठं लाल बटण असतं. संकटाचं बटण. दाबलं की मशीन जागच्या जागी थांबतं. आणि हे बटण एकदा दाबलं की आतच बसतं. पिळल्याशिवाय बाहेर येत नाही.

हे लक्षात ठेवा.

दादाने त्या वर्षी दोन मोठे बदल केले. टेबल सरकवणाऱ्या मोटारी जास्त ताकदीच्या घेतल्या, आणि कटर फिरवणारी मोटारही मोठी बसवली. त्यानंतर मशीन मधेच बंद पडायला लागलं. स्क्रीनवर यायचं, 'आपत्कालीन बटण दाबले आहे.' बटणाला तर कुणी हात लावलेला नसायचा. चार चार तासांचं काम वाया जायचं.

घोडं कुठे पेंड खातंय ते दादाला कळलं. नव्या मोटारीच्या विजेचा त्रास बटणाच्या वायरीला होत होता. त्यावर खास जाळीची वायर मिळते. दादाने ती मागवली. यायला दहा दिवस लागणार होते.

दहा दिवस थांबायचं कोण?

त्याने बटणामागचा डबा उघडला आणि दोन स्क्रूंमध्ये बोटभर निळी वायर अडकवून दिली. आता मशीन मधेच थांबणार नव्हतं.

बटण दाबलं, तरी थांबणार नव्हतं.

तात्पुरतं आहे, तो मनाशी म्हणाला. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मशीन चालूच करू दिलं नसतं.

चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती, सव्वातीन वाजत आले होते. ॲल्युमिनियमची पट्टी कोरायला लावून दादा पुढच्या खोलीत फोनवर बोलत होता. बाबा मशीनजवळ होते. थंडी होती, म्हणून अंगात स्वेटर. बाह्या दुमडलेल्या. उजवी बाही सुटली आणि पट्टी धरून ठेवणाऱ्या बोल्टमध्ये अडकली.

टेबल कटरकडे सरकत होतं. सावकाश. अगदी सावकाश...

जुन्या मोटारी असत्या तर एवढ्या ओढाताणीत अडकून थांबल्या असत्या. नव्या थांबल्या नाहीत.

बाबांची हाक आली तेव्हा दादाला आधी कळलंच नाही. धावत जाऊन त्याने भिंतीवरचा खटका खाली ओढला. तोपर्यंत तीन बोटं गेली होती.

वहिनी, शेजारी, गाडी, दवाखाना... त्या धावपळीत कुणाचंच मशीनकडे लक्ष गेलं नाही. संध्याकाळी दादा कागदपत्रं न्यायला एकटाच घरी आला. मागच्या खोलीत गेला.

लाल बटण आत बसलेलं होतं.

बाबांनी ते दाबलं होतं. डाव्या हाताने. वेळेवर.

दादा सांगतो, तो तिथे किती वेळ उभा होता ते त्याला आठवत नाही. पण पुढचं सगळं आठवतं. त्याने बटण पिळून बाहेर काढलं. डबा उघडला. निळी वायर काढली आणि खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने, वहिनीच्या भावाने, येऊन मशीन तपासलं. बटण दाबलं. मशीन थांबलं. "बटण तर चालतंय की," तो म्हणाला.

दवाखान्यात बाबांना शुद्ध आली तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं. "जावईबापू, मी दाबलं होतं हो."

खोलीत सगळे होते. वहिनी, मेव्हणा, दोन पाहुणे.

दादा म्हणाला, "नाही बाबा. घाबरल्यावर माणसाला तसं वाटतं."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असेल. चुकला असेल हात."

नातेवाइकांत चर्चा व्हायची ती झालीच. अडतीस वर्षांचा टर्नर आणि साधं बटण सुचलं नाही. वय झालं, दुसरं काय! मीही तेच म्हणालो होतो. मोठ्याने म्हणालो होतो.

बाबांनी पंजे दाखवणं बंद केलं. मागच्या खोलीत जाणंही बंद केलं. खुर्चीत बसून राहायचे, आणि डाव्या हाताचा तळवा खुर्चीच्या हातावर दाबून बघायचे. दाबायचे. उचलायचे. परत दाबायचे. आपण खरंच दाबलं होतं का, ते त्या हाताला विचारत असल्यासारखे.

दादा समोर बसून हे बघत होता. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याला तर घास गिळवत नव्हता.

आठव्या महिन्यात एका सकाळी बाबा उठलेच नाहीत.

वहिनी म्हणाली, ते मशीन विकून टाका. दादा नाही म्हणाला. विकत घेणारा डबा उघडून बघेल, काहीतरी ओळखेल, अशी त्याला भीती होती. चोराच्या मनात चांदणं. उलट त्याने मशीन आणखी सुधारायला घेतलं. जाळीची वायर घातली. जमिनीत नीट अर्थिंग केलं. नवं, जास्त मोठं लाल बटण आणलं. जे तेव्हा करायचं ते आता करत होता.

बाबांना जाऊन तीन महिने झाल्यावर त्याने एका रविवारी मशीन पहिल्यांदा चालू केलं. लाकडाची पाटी कोरायची होती. सोपं काम.

सव्वातीन वाजले असतील...

टक.

मशीन थांबलं. 'आपत्कालीन बटण दाबले आहे.'

पुन्हा वायरीचाच त्रास असणार, असं समजून तो उठला. बटणाकडे बघितलं.

बटण आत बसलेलं होतं.

विजेच्या गडबडीने स्क्रीनवर काहीही येऊ शकतं. बटण आत जात नाही. त्याला हात लागतो.

पुढच्या रविवारी तो मुद्दामच खोलीचं दार लावून स्वयंपाकघरात जाऊन बसला. मशीनचा आवाज दारातून येत होता. गूं... एकसारखा. वहिनी आत झोपली होती.

सव्वातीन...

टक.

आवाज बंद.

त्याने दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. बटण आत होतं. त्याच्या लाल डोक्यावर तेलाचा ठसा होता. डाव्या तळव्याचा.

आणि लाकडाचा चुरा...

टेबलाच्या कोपऱ्यात नीट गोळा करून ठेवला होता.

दुसरा कुणी असता तर खोलीला कुलूप लावून मोकळा झाला असता. दादाने काय केलं ते ऐका. आठवडाभर त्याला झोप नव्हती. मशीन थांबलं की त्याला वाटायचं, आता कुणीतरी विचारणार, तेव्हा का नाही थांबलं? त्याला फक्त ते थांबायला नको होतं. तिसऱ्या रविवारी त्याने बटणामागचा डबा उघडला, वायरीचा एक तुकडा कापला, आणि दोन स्क्रूंमध्ये अडकवला.

पुन्हा तेच.

मशीन चालू झालं. तो समोर उभा राहिला.

सव्वातीन...

टक.

त्याच्या डोळ्यांदेखत बटण आत गेलं. मशीन चालूच राहिलं.

मग बटण आपोआप पिळलं गेलं. कर्रर... बाहेर आलं.

टक.

मशीन चालूच.

कर्रर... टक. कर्रर... टक. टक. टक. टक...

आता ते थांबेचना. कुणीतरी जिवाच्या आकांताने दाबत होतं, आणि टेबल सावकाश, अगदी सावकाश कटरकडे सरकत होतं. दादाला भिंतीवरच्या खटक्यापर्यंत जायचं होतं. पाय उचलत नव्हते. त्या दिवशी बाबांनी काय बघितलं ते त्याला आत्ता दिसत होतं. दाबतोय, दाबतोय, आणि थांबत नाही.

"अहो, कसला आवाज आहे?"

दारात वहिनी उभी होती.

तिने बटणाकडे बघितलं. ते आत जात होतं, बाहेर येत होतं. ती ओरडली नाही. पळाली नाही. टर्नरची मुलगी ती. तिने बटणाकडून मशीनकडे बघितलं, आणि मशीनकडून नवऱ्याकडे.

"बटण दाबलंय," ती म्हणाली. "मग मशीन चालू कसं?"

दादाची नजर बटणामागच्या डब्याकडे गेली.

"मी विचारतेय, चालू कसं?"

तिनेच जाऊन खटका ओढला. मशीन थांबलं, आणि त्या क्षणी तो आवाजही थांबला. दादा तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. निळी वायर. आत बसलेलं बटण. खिसा. दवाखाना.

वहिनीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आठ महिने माझा बाप स्वतःच्या हाताला दोष देत बसला होता. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ज्या ज्या घरी बाबांचं नाव खराब झालं, त्या त्या घरी जाऊन तुम्ही सांगायचं. मी बरोबर येणार."

सात घरं झाली. पाचवं माझं. दादा माझ्यासमोर मान खाली घालून सांगत होता आणि वहिनी शेजारी ताठ बसली होती. मी तेव्हा काय बोललो होतो ते तिला आठवत होतं. मलाही आठवत होतं. माझी नजर वर होईना.

लोकांना सांगून झालं. मेव्हणा अजून बोलत नाही, पण तो भाग वेगळा. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

मागच्या महिन्यात मी एका रविवारी सहज गेलो. दादा मागच्या खोलीत होता. मशीन चालू होतं. निळी वायर नाही, काही नाही, बटण अगदी नियमाप्रमाणे जोडलेलं. तो बटणासमोर स्टुलावर बसून होता.

"दर रविवारी लावतो," तो म्हणाला. "त्या दिवसापासून एकदाही थांबलं नाही. त्यांनी एकदा दाबलं की मी सांगणार आहे. बाबा, तुम्ही बरोबर होतात."

"नुसतंच सांग ना," मी म्हणालो. "ऐकत असतील."

"रोज सांगतो. पण ऐकलं की नाही, कसं कळणार?"

सव्वातीन वाजले. आम्ही दोघं बटणाकडे बघत राहिलो.

काही झालं नाही. कटर फिरत राहिलं. चुरा टेबलभर पसरत राहिला. साडेतीनला काम पूर्ण होऊन मशीन आपलं आपण थांबलं.

स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. "आले होते का बाबा?"

"नाही," दादा म्हणाला.

"मग पुढच्या रविवारी परत लावा."

मी चहा न घेताच निघालो. त्यानंतर रविवारी मी त्यांच्याकडे गेलेलो नाही.