रेषेवरचा दात

ऐक ना इंकेरी, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक.

इकडे उत्तर फिनलंडात, इनारीला आमच्या केंद्रात मी दिवसभर पडद्यावरची एक रेषा बघते. जंगलात लाकडी खोपट आहे, त्यात पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारं यंत्र. रेषा वेडीवाकडी झाली की आकाशात अरोराचा रंगीत उजेड पेटणार, आम्ही लगेच लोकांना कळवतो. पण खोपटात लोखंड नेलं तरी रेषा वर उडी मारते. म्हणून चाव्या, सुरी, पट्टा, सगळं टेबलावर ठेवून जायचं.

पण यंत्राची देखभाल करणारा आमचा वेइक्को काय ठेवणार? त्याच्या गुडघ्यातच पोलादी सळई! तो आत गेला की रेषेवर दातासारखं टोक, म्हणजे आमचा 'दात', उगवतो, बाहेर आला की मावळतो.

सोमवारी तो दात वेइक्को खोपटात जायच्या चाळीस मिनिटं आधीच उगवला आणि मावळला. वेइक्को माझ्यासमोर सूप पीत होता! मंगळवारीही तेच. आपल्याकडे माणूस पोचायच्या आधी त्याची पावलं वाजतात म्हणतात ना, तसं. मी बोलले, तर हसला.

"आकाशाचं भाकीत जमेना, आता माझं करतेस?"

बुधवारी दुपारी एक वाजता दात उगवला. आणि मावळलाच नाही.

दीडला खोपटातला हीटर बंद पडला. वेइक्को बूट चढवायला लागला.

"नको जाऊस."

"यंत्र गोठेल गं."

"गोठू दे! रेषा बघ. तू आत गेलायस आणि परत आलेला नाहीस."

"मी इथे आहे, ऐली. कॉफी टाक."

आणि गेला लंगडत. हिवाळ्यात सध्या सूर्य उगवतच नाही, त्यात दाट झाडी, त्यामुळे पाच पावलांत दिसेनासा झाला.

एक चाळीसला तो आत शिरला असणार. रेषा हललीच नाही. आधीच वर होती ना.

मी नखं खात बसले.

दोनला दार उघडलं. वेइक्को! मला रडूच आलं.

"झाला चालू," म्हणाला. बूट काढले, सरळ चालत खिडकीशी जाऊन बसला. सरळ, इंकेरी. जरासुद्धा न लंगडता.

रेषा अजून वरच, म्हणजे ती सळई अजून खोपटातच.

"वेइक्को, गुडघा?"

"कसला गुडघा?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. नंबर खोपटातल्या फोनचा.

त्याने मान वळवली नाही.

"उचलू नकोस, ऐली," म्हणाला, अगदी प्रेमाने.

फोन वाजतच राहिला.

खरं सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?