पंख्याची साक्ष

मास्तरीण दुपारी बाहेर पडली ती फक्त शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणायला. घरात शिलाई मशीन नव्हतं. तेल हवं होतं कॉम्प्युटरच्या पंख्याला.

मास्तरीण हे नाव नवऱ्यानं पाडलेलं. ती घरबसल्या कॉम्प्युटरवरून परकी भाषा शिकवायची. विदुषी वगैरे मुळीच नव्हती. विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढे असली म्हणजे झालं! पण तिचा पंखा मात्र नामांकित. सुरू झाला की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखी घरघर. नवरा कधीचा म्हणत होता, "अगं, उघडून बघतो ना मी." ती म्हणायची, "राहू दे, सवय झालीय मला."

सवय कसली डोंबलाची! तो पंखा तिचा साक्षीदार होता.

सासूबाई शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या. काही महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशी घरात दोघीच. शिकवणी चालू असताना हाक आली, "अगं ए... जरा ये गं..." उठता-बसता येणारी हाक. मास्तरीण वैतागली. एवढा धडा संपू दे, मग जाते, म्हणून तिनं पंख्याच्या घरघरीत कान बुडवले. गेली तेव्हा सासूबाई संपल्या होत्या. येईल त्याला तिनं सांगितलं, "या मेल्या पंख्यापुढे काही ऐकूच आलं नाही हो." सगळ्यांनी माना डोलावल्या. पंखा प्रत्येकानं ऐकलेला होता.

पण आता तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी हटून बसली होती. ही बाई नर्स, परदेशी नोकरीसाठी शिकणारी. "मॅडम, परीक्षा तोंडावर आलीय. एक तर तो पंखा ठेवा, नाहीतर मला!"

नवऱ्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. ब्रशनं धुळीचे पुंजके झाडले, पंख्यावरचं स्टिकर उचलून खाली दोन थेंब तेल सोडलं, स्टिकर पुन्हा दाबलं. बटण दाबलं. पंखा फिरला, आणि आवाजच नाही. घर इतकं गप्प झालं की फ्रिजची धाप ऐकू येऊ लागली.

नवरा पेचकस ठेवायला आईच्या खोलीत गेला. तिथून साध्या आवाजात म्हणाला, "एवढंच होतं होय?"

शब्द न् शब्द तिच्या कानावर पडला. तो दारात येऊन उभा राहिला. भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"सगळं ऐकू येतं की गं."

"आता येतं..."

"हं," म्हणाला, आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

तिनं हेडफोन चढवून शिकवणी सुरू केली.

"वा मॅडम! आज कसं लख्ख ऐकू येतंय," नर्स खुश झाली. धडा निम्म्यावर आला आणि ती थबकली. "मॅडम, जाऊन या ना."

"कुठे?"

"तुम्हाला हाक मारतायत. मघापासून."

मास्तरणीनं हेडफोन काढले. सगळं शांत. पुन्हा चढवले. "घरात कोणी नाहीये."

"आहेत हो. आजीबाई आहेत. वॉर्डात दिवसभर हेच ऐकते मी. घसा कोरडा पडलाय त्यांचा... जा तुम्ही, मी थांबते."

आता निमित्त सांगायला पंखाही नव्हता. मास्तरीण उठली.

खोलीत पलंग रिकामा. फिनेलनं किती वेळा पुसून घेतलेली खोली, तरी सांध्यांना चोळायच्या मलमाचा वास होता. ताजा. पलंगाच्या कडेला उभी राहून ती पुटपुटली.

"आई... मला ऐकू आलं होतं."

काहीच हललं नाही. ती परत येऊन बसली. हेडफोन पुन्हा चढवले. कॉम्प्युटर चालू होता, तरी बंद असल्यासारखा गप्प.

"झालं," ती म्हणाली. "कोणी नव्हतं."

पलीकडून नर्स हळूच म्हणाली, "असं काय करता मॅडम... तुम्ही बोललात, त्यावर त्या म्हणाल्या ना."

"काय... काय म्हणाल्या?"

"'ठाऊक आहे गं. मी दारापर्यंत आले होते. तुझी पाठ बघून परत गेले.'"

मास्तरणीला मागे वळवेना. सासूबाईंना तर कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं.

"मॅडम..." नर्सचा आवाज अगदी खाली गेला. "आत्ता पाणी तुम्ही पिताय का?"

मास्तरणीचे दोन्ही हात टेबलावर होते.